३+ चा शिक्का आणि उघडे इंटरनेट

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये क्रोम ब्राउझरचे पान उघडले, की भारतात त्यावर ‘३+’ असा वयोगट दिसतो. तीन वर्षांच्या मुलापासून पुढे सर्वांना चालेल, असा त्याचा सरळ अर्थ. हेच क्रोम आयफोनच्या ॲप स्टोअरवर वर्षानुवर्षे ‘१७+’ म्हणून नोंदलेले होते. कंपनी तीच, काम तेच, उघडणारी पानेही तीच. वयात मात्र चौदा वर्षांचे अंतर.

यात कोणतेही दुकान खोटे बोलत नव्हते. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. गूगलच्या दुकानात ॲप बनवणारा एक प्रश्नावली भरतो. ॲपमध्ये हिंसा आहे का, नग्नता आहे का, शिवीगाळ आहे का, जुगार आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. रिकाम्या ब्राउझरमध्ये यातले काहीच नसते, म्हणून ३+. ॲपलच्या प्रश्नावलीत आणखी एक ओळ होती: या ॲपमधून इंटरनेट बिनअटकाव उघडते का? उत्तर ‘हो’ आले, की वयोगट थेट १७+. एकाने खिडकीची चौकट तपासली, दुसऱ्याने बाहेर जे जे दिसू शकते ते सारे धरले. आणि ज्या सफारीतून बहुतेक आयफोनधारक इंटरनेट पाहतात, ती फोनसोबतच येते. ती दुकानातून घ्यावी लागत नाही, त्यामुळे तिचा वयोगट पाहण्याची वेळ कुणावर येतच नाही.

एवढा फरक पाहिला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. वयोगटाचा शिक्का तयार वस्तूसाठी असतो, आणि ब्राउझर ही तयार वस्तू नव्हे. त्या शिक्क्यावर विसंबणाऱ्या पालकांची फसगत होते. त्यांना खरा आधार देऊ शकतील अशी साधने फोनमध्ये आहेत, पण ती ज्या घराची कल्पना करून घडवली गेली, ते घर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांसारखे नाही. या लेखात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

वयोगटाची पद्धत मुळात सिनेमाची. तिथून ती व्हिडिओ गेमकडे आली. अमेरिकेत १९९३ साली हिंसक गेमवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये गेम उद्योगाने ईएसआरबी ही स्वतःची मानांकन संस्था उभी केली. युरोपात २००३ मध्ये पेगी ही तशीच मानांकन पद्धत आली. सिनेमा काय किंवा गेम काय, ती वस्तू एकदा पूर्ण होते, कुणीतरी ती पाहतो आणि मग वय ठरवतो. मोबाइलच्या दुकानांत लाखो ॲप येऊ लागल्यावर माणूस बसवून प्रत्येक ॲप पाहणे अशक्य झाले. त्यावर तोडगा म्हणून २०१३ मध्ये आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय आघाडी बनली. ॲप बनवणाऱ्याने प्रश्नावली एकदाच भरायची. तिच्यावरून अमेरिकेत ईएसआरबीचा, युरोपात पेगीचा, जर्मनीत यूएसकेचा, ब्राझीलमध्ये तिथल्या सरकारी संस्थेचा वयोगट आपोआप निघतो. गूगल प्लेने ही पद्धत मार्च २०१५ पासून स्वीकारली. ज्या देशांत अशी स्वतःची संस्था नाही तिथे ३, ७, १२, १६ आणि १८ अशा सर्वसाधारण पायऱ्या लागतात. आपला ३+ तिथून आलेला आहे. भारतातल्या कोणत्याही मंडळाने क्रोम पाहून तो दिलेला नाही.

ॲपलने वयोगट आणले २००९ च्या जूनमध्ये. त्याआधीच्या महिन्यातली एक घटना या प्रश्नाचे मूळ उघडे करते. युकॅलिप्टस नावाचे पुस्तके वाचण्याचे ॲप ॲपलने नाकारले. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची स्वामित्वमुक्त पुस्तके त्यातून उतरवून वाचता येत होती, आणि त्या हजारो पुस्तकांत वात्स्यायनाच्या कामसूत्राचे जुने इंग्रजी भाषांतरही होते. ॲपमध्ये ते पुस्तक भरलेले नव्हते. वाचकाने शोधले तर मिळाले असते, एवढेच. बराच गाजावाजा झाल्यावर ॲपलने निर्णय फिरवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निंजावर्ड्स नावाच्या शब्दकोशाला १७+ चा शिक्का बसल्यावरून वाद झाला, कारण शब्दकोशात शिव्याही असतात. वाचनाचे ॲप, शब्दकोश, ब्राउझर या तिन्हींचे दुखणे एकच. पुढे काय उघडायचे ते वापरणारा ठरवतो, आणि शिक्का मात्र दारावर आधीच लावावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये ॲपलने १२+ आणि १७+ या पायऱ्या काढून १३+, १६+ आणि १८+ अशा नव्या पायऱ्या आणल्या आणि प्रश्नावलीही वाढवली. त्याने गेम आणि गप्पांच्या ॲपबद्दलची माहिती नेमकी होईल. ब्राउझरबाबत आकडा बदलतो, अडचण तिथेच राहते.

हा शिक्का निरुपयोगी आहे एवढ्यावर भागत नाही. ब्राउझर इतर सगळ्या शिक्क्यांचाही निकाल लावतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘फॅमिली’खाली पॅरेंटल कंट्रोल आहे. तिथे पिन टाकून पालक एखादी पायरी निवडतात आणि त्यावरची ॲप मुलाला उतरवता येत नाहीत. अनेक पालक सर्वांत खालची पायरी निवडून निश्चिंत होतात. पण ते बंधन फक्त नवी ॲप उतरवण्यापुरते आहे. फोनमध्ये आधीपासून असलेल्या क्रोमला ते हात लावत नाही, आणि ब्राउझर ३+ असल्याने सर्वांत खालच्या पायरीवरही नवे ब्राउझर उतरतातच. मग इन्स्टाग्रामचे ॲप अडवले तरी त्याचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते. एक्स या समाजमाध्यमाने २०२४ मध्ये प्रौढ मजकुराला आपल्या नियमांत उघड परवानगी दिली. त्याचे ॲप अडले तरी पान उघडते. पैसे लावून खेळायच्या खेळांवर भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइटींना दुकानातल्या ॲपची गरजच नसते. त्यांचे दार ब्राउझर हेच आहे. मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा अश्लीलतेपाशीच थांबते, याचे मला वाईट वाटते. सट्टा, ‘फुकट गेम’च्या नावाने उतरणाऱ्या फसव्या फाइली, बक्षिसाचे आमिष दाखवून ओटीपी मागणारी पाने यांतून घरातले पैसे जातात, आणि मूल भीतीपोटी गप्प राहते.

काही ब्राउझर तर रिकामे नसतातच. उघडल्याबरोबर खाली बातम्या, चित्रे आणि जाहिरातींची रांग लागते. २०२० च्या जूनअखेरीस केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत यूसी ब्राउझर होता. स्वस्त फोन आणि मंद नेटवर्कच्या काळात तो आपल्याकडे घराघरांत होता, आणि त्याच्या पहिल्याच पडद्यावर चटपटीत मथळ्यांची गर्दी असे. बंदीचे कारण राष्ट्रीय सुरक्षा हे होते; मुलांचा विचार त्यात नव्हता. अशा ब्राउझरमध्ये दाखवण्याचा मजकूर कंपनी स्वतः निवडते. तिथे ‘आम्ही फक्त चौकट देतो’ ही सबब चालू नये आणि वयोगट त्या मजकुरावरूनच ठरावा, असे मला ठामपणे वाटते.

ब्राउझरला शिक्का लावता येत नसेल तर प्रत्येक पानालाच लावावा, ही कल्पना फार जुनी आहे. १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पिक्स नावाचे मानक तयार केले. त्यावर आधारलेल्या एका पद्धतीत पानाच्या मालकाने हिंसा, नग्नता, लैंगिकता आणि भाषा यांसाठी शून्य ते चार असे अंक द्यायचे आणि ब्राउझरने ते वाचून पान दाखवायचे की नाही ते ठरवायचे. त्याच वर्षीच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय होती. पण बहुतेक संकेतस्थळांनी अंक दिलेच नाहीत. अंक नसलेली पाने अडवावीत तर जवळजवळ सगळे इंटरनेट बंद. सोडावीत तर अडवण्याला अर्थ नाही. या पद्धतीचा वारसा चालवणारी आयसीआरए ही संस्था २०१० मध्ये थांबली. हा प्रयोग विस्मरणात गेला असला तरी त्यातला धडा अजून लागू आहे. ज्यांच्यापासून मुलांना जपायचे आहे, त्यांच्याच प्रामाणिकपणावर ही पद्धत उभी होती.

त्यामुळे पुढची सारी साधने मजकुराकडून वापरणाऱ्याकडे वळली. आज पालकाच्या हाती मुख्यतः तीन ठिकाणी कुलूप आहे: मुलाच्या खात्यावर, फोनच्या प्रणालीवर आणि नेटवर्कवर.

गूगलचे फॅमिली लिंक २०१७ साली आले. मुलाचे स्वतंत्र खाते काढायचे आणि ते पालकाच्या खात्याशी जोडायचे. मग पालकाच्या फोनवरून क्रोमसाठी तीन पर्यायांतला एक निवडता येतो: सगळी संकेतस्थळे मोकळी, अश्लील संकेतस्थळे शक्य तितकी अडवलेली, किंवा पालकाने मंजूर केलेलीच उघडणारी. अशा खात्यात क्रोमचा इन्कॉग्निटो मोड बंद राहतो. ही सोय चांगली आहे, पण ती क्रोमपुरती आहे. दुसरा ब्राउझर उतरला तर तो पालकाने वेगळा शोधून अडवावा लागतो. गप्पांच्या ॲपमध्ये आलेल्या दुव्यावर बोट ठेवले की ते ॲप स्वतःच्याच आत एक छोटा ब्राउझर उघडते. क्रोममध्ये केलेली सेटिंग तिथे पोहोचेलच याची खात्री नसते.

ॲपलने २०१८ मध्ये आयओएस १२ सोबत स्क्रीन टाइम आणले. तिथेही तसेच तीन पर्याय आहेत, पण कुलूप फोनच्या प्रणालीत आहे. आयफोनवरचे ब्राउझर ॲपलच्याच वेबकिट इंजिनावर चालत आल्यामुळे ते बंधन सफारीसोबत इतरांनाही लागू पडते, आणि प्रौढ संकेतस्थळे मर्यादित केली की सफारीतले खासगी ब्राउझिंगही बंद होते. २०२५ च्या आयओएस २६ पासून १३ ते १७ वयाच्या मुलांच्या साध्या खात्यांवरही संकेतस्थळांचा फिल्टर आपोआप सुरू ठेवण्याचे ॲपलने ठरवले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत अर्थपूर्ण बदल आहे, कारण बहुतेक लोक सेटिंग बदलत नाहीत. फोन हातात येताना जे चालू असते, तेच चालू राहते.

तिसरे कुलूप नेटवर्कचे. कोणतेही संकेतस्थळ उघडताना फोन आधी त्याच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारतो. ही विचारणा जिथे जाते त्या डीएनएस सेवेनेच नको त्या नावांना उत्तर दिले नाही, तर पान उघडत नाही. क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी अशी फुकट सेवा सुरू केली, १.१.१.३ हा पत्ता राउटरमध्ये घातला की प्रौढ संकेतस्थळे अडतात. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ सेटिंगमध्येही अशी सेवा लावता येते, आणि ती फोनमधल्या बहुतेक ॲपना लागू पडते. मर्यादा अशी, की डीएनएसला फक्त संकेतस्थळाचे नाव कळते, आतले पान कळत नाही. ज्या एका नावाखाली अभ्यासही आहे आणि नको तेही आहे, त्याचे अर्धे दार लावता येत नाही. ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर डेटा वाचवण्यासाठी पाने आपल्या सर्व्हरवरून दाबून आणतो, तेव्हा मधल्या नेटवर्कला खरे संकेतस्थळ दिसतच नाही. आणि आपल्याकडे मुलाच्या हातातला फोन बहुधा सिमच्या डेटावर चालतो. घरात राउटरच नसेल तर राउटरमधल्या कुलपाचा उपयोग शून्य.

फिल्टर कमी अडवतात तसे जास्तही अडवतात. १९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर नोंदणी करता येईना, कारण गावाच्या नावात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. ती बाळबोध चूक म्हणून सोडून दिली, तरी क्लाउडफ्लेअरच्या सेवेने सुरुवातीलाच समलिंगी आणि पारलिंगी लोकांना आधार देणारी काही संकेतस्थळे अडवली होती आणि कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. मराठी मुलामुलींसाठी ही बाब गंभीर आहे. पाळी उशिरा का येते, अंगात होणारे बदल नेहमीचे आहेत का, कुणी नकोसा स्पर्श केला तर काय करावे, हे प्रश्न आपल्या कित्येक घरांत मोठ्याने विचारता येत नाहीत. मुलगी ते फोनला विचारते. तिला अडवणारा फिल्टर तिचे रक्षण करत नाही. उलट मराठी शिवी रोमन लिपीत, चार तऱ्हेच्या स्पेलिंगने लिहिली, की शब्दांच्या यादीवर चालणारा फिल्टर ती सहज सोडून देतो. मराठीच्या बोलींसाठी आणि रोमन मराठीसाठी तपासलेला, दुरुस्त केलेला फिल्टर हे खरे काम आहे, आणि ते आपल्याकडच्या विद्यापीठांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

आता त्या घराकडे वळू. वरची पहिली दोन कुलपे एक गृहीत धरतात: मुलाकडे स्वतःचा फोन आहे, त्यात त्याचे स्वतःचे, खऱ्या जन्मतारखेचे खाते आहे, आणि पालकाकडे दुसरा फोन व तो चालवण्याची सवय आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के होत्या. म्हणजे बहुसंख्य मुले आईचा, वडिलांचा, दादाचा फोन वापरतात. त्या फोनमध्ये खाते मोठ्यांचे असते. वडिलांच्या खात्यावर चालणाऱ्या क्रोमला समोर बारा वर्षांची मुलगी बसली आहे हे कळण्याचा मार्ग नाही. फॅमिली लिंकचे बंधन मुलाच्या खात्याशी बांधलेले असते, ते इथे लागतच नाही.

अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून एकाच फोनवर वेगवेगळे वापरकर्ते ठेवण्याची सोय आहे. घरातल्या सामाईक फोनसाठी हीच खरी गरजेची वस्तू. पण अनेक कंपन्या आपल्या फोनमधून ती काढून टाकतात किंवा सेटिंगमध्ये अशी खोल ठेवतात, की सापडू नये. लॉलिपॉपमध्येच आलेले ॲप पिनिंग मात्र बहुतेक फोनवर मिळते: एखादे ॲप पडद्यावर अडकवून ठेवले, की पिन टाकल्याशिवाय त्यातून बाहेर जाता येत नाही. आयफोनवर त्याला गाइडेड ॲक्सेस म्हणतात. पाच वर्षांच्या नातवाला गाणी लावून देताना आजीने हे केले तर फार मोठे काम होते. पालकसभांत ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ यावर तासभर बोलले जाते. हे दोन मिनिटांचे काम हातात फोन घेऊन दाखवले जात नाही.

आणखी एक वास्तव आहे. घरातली सेटिंग बहुधा मोठा दादा करून देतो, कारण त्याला त्यातले कळते. पिन त्याला माहीत असतो. ज्याच्यासाठी कुलूप आहे त्याच्याच हाती किल्ली, अशी ही स्थिती बऱ्याच घरांत असते. आईला स्वतः पिन ठरवता यावा आणि स्वतःच बदलता यावा, यासाठी या सेटिंगची भाषा नीट, बोलीतली मराठी असायला हवी. आज फोनची भाषा मराठी केली तरी सेटिंगमधली कित्येक वाक्ये वाचून अर्थबोध होत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक वेगळा मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही व मोबाइल बंद. कोविडकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुले फोनपासून उठेनात, यातून ही कल्पना निघाली. यात ब्राउझर नाही, फिल्टर नाही, वयोगटही नाही. पण एक महत्त्वाची गोष्ट आहे: बंधन मोठ्यांवरही आहे. मुलाने फोन ठेवायचा आणि वडिलांनी बघत बसायचे, असे तिथे नाही. दीड तासाने बाकीच्या वेळेचा प्रश्न सुटत नाही हे खरे, तरी सामाईक फोनच्या समाजात बंधनही सामाईक असू शकते, हे त्या गावाने दाखवून दिले.

या साधनांचा उपयोग होतो तरी किती? ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला निष्कर्ष नम्र करणारा आहे: एका किशोरवयीन मुलाला लैंगिक मजकुरापासून दूर ठेवण्यासाठी १७ ते ७७ घरांत फिल्टर असावा लागेल. म्हणजे उपयोग अगदी थोडा. मी यावरून फिल्टर काढून टाका असे म्हणणार नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला चुकून दिसणाऱ्या चित्रांपासून फिल्टर वाचवू शकतो. चौदा वर्षांचा मुलगा मुद्दाम शोधू लागला की तो हरतो. या दोन वयांना एकच साधन आणि एकच भाषा लावणे हीच चूक आहे.

मोठ्या मुलांना काय वाटते, हेही पाहिले गेले आहे. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पालक-नियंत्रणाच्या ३७ ॲपवर मुलांनी स्वतः लिहिलेले ७३६ अभिप्राय वाचले. बहुतांश मुलांनी ती ॲप अगदी खालच्या दर्जाची ठरवली होती. आमच्यावर पाळत ठेवली जाते आणि त्यामुळे आई-वडिलांशी नाते बिघडते, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडे ही पाळत मुलींवर अधिक घट्ट बसण्याची भीती आहे. सुरक्षेसाठी घेतलेले ॲप तिने कुणाशी बोलावे, काय वाचावे, कुठे जावे हे ठरवण्याचे हत्यार व्हायला वेळ लागत नाही. आणि ही ॲप स्वतः किती सुरक्षित? २०२० मधल्या एका अभ्यासात अशा ४६ अँड्रॉइड ॲपची तपासणी झाली. त्यांपैकी ७२ टक्के ॲप मुलांची माहिती जाहिरात आणि विश्लेषणाच्या कंपन्यांसह तिसऱ्या पक्षांना देत होती, आणि त्या कंपन्यांचा उल्लेख त्यांच्या गोपनीयता धोरणात नव्हता. फोनसोबत आलेली फुकट सोय पुरेशी असताना बाहेरचे अनोळखी नियंत्रण-ॲप उतरवू नये, हा सल्ला मी त्यामुळे बिनदिक्कत देतो.

भारतीय कायद्याने हा प्रश्न आजवर बाजूबाजूने हाताळला आहे. जुलै २०१५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ बंद झाली. मोठ्या साइटींनी नवे पत्ते घेतले, लहान मुलांच्या वाट्याला काय आले ते वेगळे सांगायला नको. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी ७+, १३+, १६+ आणि प्रौढ अशा पायऱ्या घातल्या आणि १३+ पासून पालक-कुलूप सक्तीचे केले. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमालाही तशाच पायऱ्या आल्या. ओटीटीवरची मालिका काय किंवा सिनेमा काय, तयार वस्तूच. ब्राउझर या चौकटीत कुठेच नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र मुलापर्यंत पोहोचतो. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे; त्याचा डेटा वापरण्यासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे मना आहे. मुलांबाबतचा नियम मोडला तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. फिल्टर चालवायचा तर मूल काय उघडते ते पाहावेच लागते, म्हणून मुलाला हानिकारक मजकुरापासून दूर ठेवण्यासाठीच्या पाळतीला नियमांत सूट आहे. ती सूट किती अरुंद राहते, यावर बरेच अवलंबून आहे. बारावीतला साडेसतरा वर्षांचा मुलगा आणि बालवाडीतली मुलगी यांना एकाच व्याख्येत बसवणे मला पटत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या गोपनीयता कायद्यात ही रेघ १३ वर आहे.

बाहेर सध्या वय तपासण्याचे वारे आहे. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना वयाची ठोस तपासणी करावी लागते. लगेच तिथे आपला देश लपवणारी व्हीपीएन ॲप उतरवण्याची झुंबड उडाली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. अमेरिकेत युटा आणि टेक्सास या राज्यांनी वय तपासण्याची जबाबदारी ॲपच्या दुकानांवरच टाकणारे कायदे केले. टेक्सासचा कायदा अमलात येण्याआधीच डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने रोखला. या दबावातून ॲपल आणि गूगल या दोघांनीही वापरणाऱ्याचा वयोगट ॲपला कळवणारी सोय तयार केली आहे. ब्राउझरसाठी ही दिशा शिक्क्यापेक्षा बरी. समोर कोण आहे हे ब्राउझरला कळले, जन्मतारीख किंवा आधार क्रमांक न कळता फक्त ‘१३ वर्षांखालील’ एवढेच कळले, तर तो स्वतःच फिल्टर लावू शकेल.

पण ते वय येणार कुठून? तालुक्याच्या गावी नवा फोन घेतला, की दुकानदारच काउंटरवर जीमेल खाते काढून देतो. जन्मतारखेच्या जागी सुचेल ते वर्ष टाकतो, पासवर्ड डब्यावर लिहून देतो. पुढची सारी यंत्रणा त्या तारखेवर विसंबणार आहे. म्हणून मे २०२७ पर्यंतचा काळ वापरायचा असेल तर मागण्या अगदी जमिनीवरच्या हव्यात. ब्राउझरच्या पानावर ३+ च्या शेजारी ‘यातून संपूर्ण इंटरनेट उघडते’ हे वाक्य मराठीत ठळक असावे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये, कितीही स्वस्त असो, मुलाचा वेगळा वापरकर्ता कुलुपाच्या पडद्यावरूनच निवडता यावा. ब्रिटनमधल्या मोबाइल कंपन्या २००४ पासून प्रौढ मजकूर मुळातच बंद ठेवतात आणि सज्ञान ग्राहकाने सांगितले की उघडतात. इथल्या कंपन्यांनी निदान मागणाऱ्या पालकाला सिमवरच तसा फिल्टर फुकट द्यावा, आणि काय अडवले याची यादी उघड ठेवावी. फोन विकताना काउंटरवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारावा: हा फोन घरात मूलही वापरणार का? उत्तर हो आले, तर मुलाचे खाते त्याच्या खऱ्या जन्मतारखेने आणि आईच्या समोर काढावे, आणि पिन आईने टाकावा.